सायकल आली

आमच्या घरी सायकल जेवायची. दुपारी दोनच्या सुमारास अंगणात घंटी वाजली की समोरच्या सोप्यातून घरमालकीण हाळी द्यायची, "मास्तरीणबाई, सायकल आली की! टाका भाकरी." मी भाकरी तव्यावर टाकायची. सायकल मोरीत हातपाय धुवायची, पाटावर बसायची, आमटीत मीठ कमी पडलं असलं तर काही न बोलता मिठाच्या बरणीकडं बघायची आणि पाऊण तासात परत शाळेत जायची. सायकलीला भरीत फार आवडायचं. सायकलीला पित्ताचा त्रास होता, म्हणून भरतात मिरची बेतानं.

सायकल म्हणजे माझा नवरा. सांगलीतल्या एका हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे. त्यांचं नाव मी घेत नसे, कारण आमच्याकडं कुठलीच बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती. माझं माहेर खंबाटकी घाटाखालच्या खंडाळ्याजवळचं. लग्नाआधी आईनं मला बजावून सांगितलं होतं, "नवऱ्याचं नाव तोंडानं घ्याचं न्हाई. एकदा घेतलं की त्येच्या आयुष्यातला एक दीस कमी हुतो." आई स्वतः हा नियम इतका कडक पाळायची की विचारू नका. वडिलांचं नाव एका वारावरून ठेवलेलं, आणि गावचा बाजार नेमका त्याच वारी. आई तो वार कधी उच्चारायची नाही. "मंगळवारच्या पाठच्या दिवशी बाजारला जायाचं हाय" म्हणायची. एकदा नव्या तलाठ्यानं विचारलं, "म्हणजे सोमवारी का?" आईनं नुसती मान हलवली आणि हातानं हवेत काहीतरी पुढं ढकललं. तलाठी बिचारा वाड्यातल्या बाकीच्या बायकांकडं बघत बसला.

मी सांगलीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कोयनेचा भूकंप व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. आमची खोली विश्रामबागेच्या बाजूला, एका जैन कुटुंबाच्या घरामागं. तेव्हा तिकडं वस्ती विरळ होती, मधेच मोकळी रानं होती. घरमालकिणीला सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. अक्कांच्या यजमानांची बाजारात हळदीची पेढी होती, त्यामुळं अक्कांचा नवरा झाला पेढी. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची. संध्याकाळी पाच वाजले की अक्का दारात उभ्या. "दिवस कलला बघा, आणि अजून पेढी जेवायला आली न्हाई." मग पेढी घाम पुसत यायची आणि मुकाट्यानं ताटावर बसायची. पेढीला दम्याची उबळ येई तेव्हा अक्का रात्र रात्र जागायच्या. आम्हा दोघींना यात काही वेगळं आहे असं कधी वाटलं नाही.

एवढं सोडलं तर सांगली मला परकी होती. ते साडेदहाला शाळेत जायचे, दुपारी येऊन जायचे, संध्याकाळी शिकवणी करून सातला यायचे. मूल नव्हतं. दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसायचं, आणि संध्याकाळी जे यायचं ते माझं बोलणं तपासायचं. पहिल्याच आठवड्यात मी "आवं, पानी तापलंय" म्हणाले. ते म्हणाले, "अहो. पाणी. तापलं आहे." आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. दुसऱ्या दिवशी 'न्हाई'चं 'नाही' झालं, तिसऱ्या दिवशी 'कवा'चं 'केव्हा'. माणूस वाईट नव्हता. चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय त्यांना पुढचा घास जात नसे, एवढंच. पण प्रत्येक वाक्याला पास-नापास व्हायचं म्हणजे जीव दमतो. मी हळूहळू बोलणं कमी केलं. ते मुळातच कमी बोलायचे. त्यामुळं आमच्या खोलीत स्टोव्हचा आवाज तेवढा भरपूर असायचा. माहेरी दहा माणसांत वाढलेली मी. दुपारी भांडी घासताना मला माझाच श्वास ऐकू यायचा आणि रडू यायचं. का रडतेस, असं विचारणारंही कुणी नव्हतं.

मी एसेस्सीला इंग्रजीत गटांगळी खाल्ली होती. इंग्रजीच्या मास्तराची बायको इंग्रजीत नापास, हे त्यांच्या सहकाऱ्यांना कळलं असावं, किंवा त्यांनाच ते सलत असावं. त्यांनी मला पुन्हा बसवायचं ठरवलं. सकाळी पाणी भरून झालं की अर्धा तास इंग्रजी. काळ, कर्मणी प्रयोग, शब्दयोगी अव्ययं. मी पाटीवर लिहायची, ते पुसायचे. असं करता करता आम्ही फिगर्स ऑफ स्पीचला आलो, म्हणजे इंग्रजीतल्या अलंकारांना. मला वाटलं, झालं, आता सोन्याचांदीच्या नावाखाली आणखी एक कटकट.

पहिले दोन सोपे गेले. 'सारखा' हा शब्द घालून तुलना केली की सिमिली, 'सारखा' काढून टाकून सरळ तोच आहे म्हटलं की मेटाफर. मग ते म्हणाले, "द केटल इज बॉइलिंग. भाषांतर कर."

"किटली उकळत आहे."

"किटली उकळते का?"

"छे. पाणी उकळतं. किटली कशी उकळेल? वितळंल की."

"वितळेल," ते म्हणाले. "पण इंग्रज असंच म्हणतो. पाणी म्हणायचं असतं, किटली म्हणतो. याला मेटोनिमी म्हणतात. पाणी आणि किटली एकमेकांसारखी नाहीत, पण एकमेकांजवळ आहेत. मेटाफर सारखेपणावर चालतो, मेटोनिमी शेजारावर. ज्याचं नाव घ्यायचं त्याचं न घेता त्याच्या जवळच्याचं घ्यायचं."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे आमची सायकल?"

"कुठली सायकल?"

मग मला सांगावं लागलं. गेली दोन वर्षं आपण या अंगणात सायकल आहोत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रोज अक्कांची हाळी त्यांच्या कानांवर पडत होती, आणि त्यांना वाटत होतं की बाईला सायकलींचं कौतुक दिसतंय. समोर पेढी राहते, हेही मी सांगितलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की चष्मा काढून धोतराला पुसावा लागला. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "पेढीला दमा आहे," असं म्हणून ते पुन्हा हसले. त्या दिवशी शाळेला उशीर झाला.

त्यानंतर अलंकार मला अडले नाहीत. ते इंग्रजी नाव सांगायचे, मी गावाकडचं उदाहरण शोधायची. आईचा मंगळवारच्या पाठचा वार ही पेरिफ्रेसिस, म्हणजे वळसा घालून बोलणं. बांगडी फुटली की ती वाढवली म्हणायचं, साप चावला की पान लागलं म्हणायचं, हा युफेमिझम, अशुभाला गोड नाव. लग्न झालं की दोनाचे चार हात झाले. पुरं माणूस सांगायचं सोडून नुसते हात सांगायचे, ही सिनेकडकी. हा शब्द मला आजही एका दमात म्हणता येत नाही. सकाळी भाकरी थापताना एखादं सुचलं की मी पिठाच्या हातानं बाहेर यायची. ते दाढी करत असले तर आरशातूनच म्हणायचे, "बरोबर." एका संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवता टेकवता म्हणाले, "आज अकरावीच्या वर्गात तुझं उदाहरण दिलं. पोरं हसून हसून लोळली. किटलीपेक्षा चांगलं लक्षात राहील." मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगीच डबे पुसत बसले.

शेवटी शेवटी अपॉस्ट्रॉफी आली. ती अक्षराच्या डोक्यावरची टिकली नव्हे, तेच नाव असलेला अलंकार. कवी बोलता बोलता ऐकणाऱ्यांकडून तोंड फिरवतो आणि जो तिथं नाही त्याला हाक मारतो. मरणाला, पावसाला, दूर गेलेल्या माणसाला, नाव घेऊन. "समोर नसलेल्याला समोर आहे असं समजून मारलेली हाक," त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. थोड्या वेळानं ते खिडकीकडं बघत म्हणाले, "समोर असलेल्याला हाक न मारणं, याला मात्र इंग्रजीत काही नाव नाही." मला वाटलं विनोद आहे. मी हसले.

परीक्षेत मी पास झाले. निकालाच्या संध्याकाळी त्यांनी पेढे आणले, एक अक्कांकडं पाठवला, आणि मग पाटावर बसून म्हणाले, "एक मागू?"

"मागा की."

"एकदा मला नावानं हाक मार."

मी पदर तोंडाला लावून हसले. हे मला इथं लिहावं लागतंय, कारण ते खरं आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणाले, "हसू नकोस. माझी आई जाऊन वर्ष होईल. ती होती तोवर कुणीतरी मला नावानं हाक मारत होतं. आता शाळेत सर, बाजारात मास्तर, घरात सायकल. कधी कधी वर्गात हजेरी घेताना वाटतं, एखाद्या पोरानं माझंही नाव घ्यावं आणि मी हजर म्हणावं."

इतकं लांब ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला काय करावं कळेना. मग मला वाट सापडली. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, त्यानं काही कमी होत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत. लग्नात मी घेतलेला उखाणा मी म्हणून दाखवला:

खंबाटकीचा घाट चढले, मागं राहिलं माहेर,
— रावांचं नाव घेते, हाच माझा आहेर.

मधल्या रेघेच्या जागी मी नाव घेतलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मान हलवली. "हे तू गावाला सांगितलंस," ते म्हणाले. "मला नाही. विभक्त्या किती?"

"आठ."

"आठवी?"

"संबोधन."

"मला ती हवी आहे."

"अहो, काहीतरीच काय," मी म्हणाले. "एक दिवस कमी होतो."

"तू आता एसेस्सी झालीस."

"म्हणून काय झालं? दिवस कमी व्हायचा तो होतोच की."

त्यांनी पेढा अर्धा केला, अर्धा मला दिला, आणि विषय संपला. पुन्हा त्यांनी कधी मागितलं नाही. त्यांचा स्वभावच तसा होता. एकदा मागितलेलं दुसऱ्यांदा मागणं त्यांना भीक वाटायची. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. दुपारी ते जेवून गेले की मी दाराला कडी लावायची आणि रिकाम्या खोलीत उभी राहून प्रयत्न करायची. तीनच अक्षरं होती. पहिल्या अक्षराला ओठ मिटायचे, आणि ते तसेच मिटलेले राहायचे. समोर कुणी नसताना, ऐकायला कुणी नसताना, मला ते जमत नव्हतं. भीती दिवस कमी होण्याची होती का लाजेची, मला सांगता येत नाही. दोन्ही असावी. असं दीड वर्ष गेलं. आज ना उद्या म्हणूच, घाई काय आहे, असं मला वाटत होतं.

रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळायची ते दिवस होते. तिची भाकरी वळायची नाही, कडेनं चिरायची. एका दुपारी मी पीठ मळून बसले होते. घंटी वाजली नाही, पण अंगणात चेनकव्हर खडखडलं. तो खडखडाट ओळखीचा होता, दुसऱ्या कुठल्या सायकलीचा तसा नव्हता. अक्कांनी हाळी दिली, "मास्तरीणबाई, सायकल आली की!" मी भाकरी तव्यावर टाकली. मोरीत पाण्याचा आवाज येईल म्हणून वाट बघितली. आला नाही. भाकरी उलटली. तरी आला नाही. मग मी दारात आले, तर अंगणात सायकल होती आणि तिचं हँडल धरून शाळेचा शिपाई उभा होता. म्हातारा माणूस. सायकल चालवत न आणता तो ती शाळेपासून हातानं ढकलत घेऊन आला होता.

"बाई," तो म्हणाला, "सायकल आणलीया."

"आणि सर?"

"सर वर्गातच खाली बसलं बगा. हेडमास्तरांनी गाडी करून दवाखान्यात न्हेलंय. तुमास्नी लगीच बोलिवलंय."

चार वर्षं आम्ही जे म्हणत होतो ते त्या दिवशी पहिल्यांदा जसंच्या तसं खरं झालं. सायकल आली होती. नुसती सायकल. आत भाकरी जळल्याचा वास सुटला होता आणि अक्का माझ्याआधी रडायला लागल्या होत्या. पुढं मी ट्रेनिंग करून आष्ट्याच्या शाळेत इंग्रजीची बाई झाले, वर्षानुवर्षं हे अलंकार शिकवले. मेटोनिमीला मी किटलीचंच उदाहरण दिलं. पोरांच्या ते लक्षात राहत नसे. मी पुन्हा किटलीच सांगायची.

दवाखान्यात मोठा वॉर्ड होता, दोन्ही बाजूंना खाटा. ते दारापासून लांब, कोपऱ्यातल्या खाटेवर होते. चष्मा काढून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त उतरलंय; दोन-तीन दिवस बघू या, शुद्धीवर आले तर आशा आहे. केसपेपरवर नाव हेडमास्तरांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि अशा वेळीसुद्धा माझ्या मनात आलं की चला, तेवढी सुटका झाली.

वॉर्डात केरळची एक सिस्टर होती. तिला मोडकंतोडकं मराठी यायचं. तिनं मला खाटेजवळ उभं केलं आणि सांगितलं, "बोलवा. मोठ्यानं. कान चालू असतो."

मी वाकून म्हणाले, "अहो."

शेजारच्या खाटेवर पाय बांधलेला एक शेतकरी होता. तो झोपेतून म्हणाला, "काय गं?" त्याच्या पलीकडच्यानंही मान उचलली. त्या वॉर्डात दहा-बारा नवरे होते आणि सगळ्यांचं नाव अहो होतं. शेतकऱ्याची बायको उशाशी बसली होती, तिला हसू आलं, आणि लगेच ओशाळून तिनं पदर डोळ्यांना लावला.

"अहो नको," सिस्टर म्हणाली. "अहो सगळे. नाव. नावानं बोलवा."

मी पुन्हा म्हणाले, "अहो, ऐकलं का, मी आलेय." सिस्टरनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खालमानेनं उभी राहिले. ती स्वतःच वाकली आणि केसपेपरवर बघून त्यांचं नाव घेतलं, मल्याळी वळणानं, मधल्या अक्षराला भलताच हेल काढून. त्यांची पापणी हलली नाही. "बायकोचा आवाज पाहिजे," असं म्हणून ती दुसऱ्या खाटेकडं गेली.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उखाण्यात घे की पोरी. उखाण्यात घेतलेलं लागत न्हाई." मी खाटेवर वाकले, यजमानांच्या कानाशी तोंड नेलं आणि खंबाटकीचा घाट म्हटला. हळू म्हटला तरी वॉर्डात ऐकू गेला. उखाणा संपला तेव्हा शेतकऱ्याची बायको सवयीनं म्हणाली, "छान घेतलं नाव," आणि मग काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली. ते तसेच पडून होते. त्यांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. उखाण्यात नाव असतं, हाक नसते. गाव ऐकतं, आणि ज्याचं नाव तो बाजूला उभा असतो.

आता हाक मारायची राहिली होती. मी आईचा हिशोब मांडला, हसायचं त्यांनी हसावं. एका हाकेला एक दिवस. डॉक्टर म्हणत होते दोन-तीन दिवस. त्यातला एक तर गेलाच होता. उरलेल्यांतला एक मीच माझ्या तोंडानं घालवला तर? आणि हाक नाही मारली आणि ते त्या हाकेचीच वाट बघत असले तर? मी एसेस्सी पास झालेली बाई, मला माहीत होतं की नाव घेऊन माणूस मरत नाही. माहीत असणं एकीकडं आणि ओठ एकीकडं. माहेरी तार केली होती, पण आईला यायला अजून एक दिवस होता. शहाणपण सांगणारं कुणी नव्हतं. अक्का संध्याकाळी पेढीच्या जेवणासाठी परत गेल्या. मी स्टुलावर बसून राहिले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. चार वर्षांत इतका वेळ मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. बोटांना खडूनं पडलेल्या भेगा होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड जरा शांत होता. बरेच जण जेवून पेंगत होते. त्यांचा श्वास सकाळपासून बदलला होता, मधेच थांबायचा, मग घाईनं यायचा. सिस्टर येऊन नाडी बघून गेली. या वेळी ती काहीच बोलली नाही, आणि त्या न बोलण्यानंच मी उठले. मी उशाशी गेले, भिंत आणि खाट यांच्या मधल्या जागेत शिरले, आणि पदर कमरेला खोचला, जशी काही विहिरीवरून घागर उचलायची होती. ओठ मिटले. मग उघडले.

मी हाक मारली. राव नाही, अहो नाही, नुसतं नाव, तीन अक्षरं. घरातल्यासारखी हळू मारायची होती, पण दोन दिवस कोंडलेला आवाज, तो मोठा निघाला, गावाकडं रानातून हाळी द्यावी तसा. शेतकऱ्यानं डोळे उघडले. दाराजवळची झाडूवाली थांबली.

आणि त्यांनी डोळे उघडले.

खरंच उघडले. मी जन्मात इतकी हरखले नव्हते. ते पूर्ण जागे होते, नजर स्वच्छ होती, कपाळाला बारीक आठी पडली, ओळखीचं काही ऐकलं की पडते तशी. कुणीतरी आपल्याला हाक मारली हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मान उशीवर सावकाश वळवली, खाटांच्या ओळीवरून पार पलीकडं, दाराकडं. तिथं कोण आलंय ते बघायला. त्या नावानं त्यांना हाक मारणारं माणूस या जगात एकच होतं, आणि ते माझ्यासारख्या आवाजाचं नव्हतं. मी "अहो, इकडं" म्हणाले, पण आता आवाज निघाला नाही, नुसती हवा निघाली. ते दाराकडं बघत राहिले. बराच वेळ बघितलं. मग वाट बघून दमलेला माणूस मिटतो तसे त्यांनी डोळे मिटले, आणि दिवस मावळायच्या आत ते गेले.

मी उशाशीच उभी होते.